कवेलूखालची उंदरं

कापूस घरात आला की उंदीर येतात. भाव आला नाही तर कापूस घरातच राहतो आणि त्याच्यासोबत उंदीरही राहतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हे घरोघरी चालतं, पण उंदरांचा विषय निघाला की बोलणं औषधाच्या पुडीवर येऊन थांबतं. मला त्या पुडीच्या विरोधात लिहायचं आहे. माळ्यावरचे उंदीर विषानं जात नाहीत, त्यांच्या वाटा बुजवल्या की जातात. आमच्या घरात मी हे पाहिलं आहे आणि ते मनापासून सांगावंसं वाटतं.

आमचं घर जुनं. मातीच्या रुंद भिंती, सागाच्या मयाली म्हणजे आडव्या तुळया, त्यावर पाट्यांचा माळा, आणि सगळ्यांच्या वर देशी कवेलू, म्हणजे कौलं. पुढची ओसरी तेवढी टिनाची. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून पहिला वेचा घरात आला की पुढची खोली कापसाची होते, दिवाळीनंतर मधलीही होते, आणि माणसं स्वयंपाकघराकडं सरकतात. उरलेली गाठोडी माळ्यावर चढतात. तिथं आधीच तुरीचं बियाणं, लसणाच्या जुड्या, लग्नातली पितळेची भांडी, मोडलेल्या डवऱ्याची लाकडं आणि कुणीतरी कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं सगळं असतं. उंदराला आणखी काय पाहिजे? सरकी खायला, रुई अंथरायला, आणि दिवसा कुणी वर येत नाही.

लोक विचारतात, कापूस घरात ठेवताच कशाला. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये क्विंटल होता. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी लागते आणि ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. 8 टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापतात. ऑगस्ट 2025 मध्ये बाहेरून येणाऱ्या कापसावरचं 11 टक्के शुल्क सरकारनं काढलं, ते वर्ष संपेपर्यंत काढलेलंच राहिलं. नेमका आमचा वेचा घरात येतो तोच हा काळ. खासगी व्यापारी हमीभावाच्या खालीच बोलायचे. मग शेतकरी थांबतो. थांबतो म्हणजे कापसाच्या ढिगाशेजारी झोपतो. अंगाला खाज सुटते, लेकरांच्या मानेवर पुरळ उठतं, आणि रात्री डोक्यावर पाट्यांवरून पावलं धावतात. हे थांबणं हौसेचं नाही, एवढं शहरातल्या वाचकांनी ध्यानात घ्यावं.

आता हा उंदीर कोणता, ते आधी नीट कळलं पाहिजे. आमच्याकडं सगळ्यांना सरसकट उंदीर म्हणतात. भिंतीच्या पायथ्याशी मातीचा ढीग काढून बीळ करते ती घूस. कोपऱ्याकोपऱ्यानं चिकचिक करत जाते आणि घाण वास मागं ठेवते ती चिचुंद्री. ती मुळात उंदीर नाहीच, किडे खाते, तिला उगाच मारू नये. माळ्यावरचा तो घरउंदीर, शास्त्रात त्याला रॅटस रॅटस म्हणतात. अंग सडसडीत, कान मोठे, आणि शेपूट डोकं-धड मिळून होईल त्याहूनही लांब. ती शेपूट तोल सांभाळायला असते. तारेवरून, दोरीवरून, वेलावरून तो सरळ चालत जातो. जमिनीत बीळ करायची त्याला गरज पडत नाही, उंचावर राहणं हीच त्याची रीत. बोट जाईल एवढी फट त्याला पुरते. मादी साधारण तीन आठवड्यांत पिलं देते, एका वेळी पाच ते आठ, आणि ती पिलं तीनेक महिन्यांत स्वतः विणीला येतात. म्हणजे दसऱ्याला माळ्यावर आलेली एक जोडी होळीपर्यंत किती होत असेल, हे ज्याचं त्यानं मोजावं. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून खायचं नसलं तरी त्याला कुरतडावंच लागतं. लाकूड, प्लास्टिकचा डबा, विजेची वायर, जे दाताखाली येईल ते.

वायरीची भीती मला सगळ्यांत जास्त आहे. जुन्या घरातली वायर माळ्यावरून उघडीच गेलेली असते. तिचं वेष्टन कुरतडलेलं, उघडी तांब्याची तार, आणि हातभर अंतरावर कापसाचा ढीग. एक ठिणगी पडली तर वर्षाचा कापूस आणि डोक्यावरचं छप्पर एकाच रात्री जाईल. ज्यांच्या घरी कापूस साठवला आहे त्यांनी हा लेख इथंच सोडून आधी बॅटरी घेऊन माळ्यावरची वायर पाहून यावी. पाइपातून टाकून घ्यायला फार खर्च येत नाही.

दुसरी भीती सापाची. उंदीर तिथं साप, हे आमच्याकडं लेकरालाही माहीत असतं. बहुतेक वेळा येते ती धामण, बिनविषारी, उंदरांचाच माग काढणारी. पण अंधारात मयालीवरून सरकणारं काय आहे, हे ओळखायला कोण थांबतं? पावसाळ्यात नाग येतो, मण्यार येते, आणि मण्यारीचा दंश तर कित्येकदा झोपेत कळतही नाही. आजार वेगळेच. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसनं माणसं दगावली, तेव्हा हे नाव गावात पहिल्यांदा ऐकलं. उंदरांच्या अंगावर पोसणाऱ्या बारीक किड्यांच्या पिलांमुळं तो होतो. चावल्या जागी काळी खपली धरते आणि ताप हटत नाही. असा ताप आला तर डॉक्टरांना खपली दाखवायची आणि घराभोवती उंदीर आहेत हेही सांगायचं.

सासूबाईंनी त्यांच्या सासूकडून ऐकलेली एक गोष्ट आहे. आढ्यावरून उंदीर पडून मेला की घरातली म्हातारी माणसं एक शब्द न बोलता गाठोडी बांधायची आणि सगळं गाव शेतात झोपड्या करून राहायला जायचं. ती प्लेगची गोष्ट. 1896 साली प्लेग मुंबईत मांडवीत आला आणि पुढच्या काही वर्षांत वऱ्हाडातही पोचला. हाफकिन या शास्त्रज्ञांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली ती जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. उंदराच्या पिसवांमधून प्लेग माणसात येतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं 1898 साली कराचीत दाखवलं. उंदीर मेला, अंग थंड पडलं की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं ऊबदार अंग शोधतात. शास्त्र कळायच्या आधीच आमच्या म्हाताऱ्यांना एवढं ठाऊक होतं की उंदीर पडला म्हणजे घर सोडायचं. त्या बायांबद्दल मला फार आदर वाटतो. मेलेल्या उंदराला उघड्या हातानं शिवायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक तिथूनच आलेला आहे, आणि तो आजही बरोबर आहे.

आता विषाबद्दल.

कृषी केंद्रात गेलं की दोन-तीन प्रकार समोर येतात. काळपट भुकटी असते ती झिंक फॉस्फाईड. पीठ-तेलात मळून गोळ्या करतात. पोटातल्या आम्लात तिचा विषारी वायू होतो, आणि त्यावर उतारा नाही. ट्यूबमधली पेस्ट येते तिच्यात पिवळा फॉस्फरस असतो. ती पोटात गेल्यावर माणूस एक-दोन दिवस बरा वाटतो, घरचे निर्धास्त होतात, आणि मग यकृत निकामी व्हायला लागतं. तिसरी ब्रोमाडिओलोनची वडी. तिनं रक्त गोठायचं थांबतं, उंदीर चार-सहा दिवसांनी मरतो. हिच्यावर व्हिटॅमिन के हा उतारा दवाखान्यात मिळतो, म्हणून तिघांत ती कमी धोक्याची. पण बिनधोक्याची नाही.

उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. समोर नवं खाणं आलं तर आधी चिमूटभर खाऊन पाहतो, आणि पोटात दुखलं तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. भुकटीच्या गोळ्यांचं बहुतेक घरांत हेच होतं. पहिल्या रात्री दोन उंदीर मरतात, घरात समाधान होतं, मग गोळ्या तशाच पडून राहतात. जे मरतात ते भिंतीच्या पोकळीत नाही तर कापसाच्या ढिगाखाली मरतात; आठ दिवस वास जात नाही आणि काढायला हातही पोचत नाही. अर्धमेला उंदीर अंगणात आला की मांजर धरते. आमच्या गावच्या देवळात गव्हाणी घुबडाची जोडी आहे. पांढऱ्या तोंडाचं हे घुबड रात्रभर उंदरंच मारतं, पण लोक त्याला अशुभ म्हणून दगड मारतात, आणि दगडातून वाचलं तर विष खाल्लेला उंदीर त्याच्या पोटात जातो. ज्यानं आपलं काम फुकट करायचं, त्यालाच आपण मारतो.

यापेक्षा मोठं कारण वेगळं आहे आणि ते मी स्पष्टच लिहिते. आमच्या भागात घरात विष असू नये. विदर्भातल्या कुठल्याही गावात विचारा, विषानं गेलेलं माणूस प्रत्येकाच्या ओळखीत निघेल. 2017 साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते फवारताना गेले. पण घरातून, रागाच्या भरात, कर्जाच्या फोननंतर, नवरा-बायकोच्या भांडणानंतर गेलेले कितीतरी आहेत. त्या घडीला हाताशी पुडी असणं आणि नसणं, यात जीव जातो किंवा राहतो. तासाभरानं तोच माणूस भाकर मागतो, लेकराला जवळ घेतो. म्हणून कोनाड्यात, पाटणीवर, तांदळाच्या डब्यामागं उंदराचं औषध ठेवू नका. आणि कुणाच्या पोटात गेलंच, मग मोठं असो की लेकरू, तर मीठपाणी पाजून ओकाऱ्या काढत बसू नका. पुडी किंवा ट्यूब सोबत घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. बरं दिसत असलं तरीही.

चिकट पुठ्ठेही मिळतात. त्यावर चिकटलेला उंदीर रात्रभर ओरडतो, कातडी सोलून घेतो आणि उपाशी मरतो. एवढे हाल कुठल्याच जीवाचे करू नयेत. मारायचाच असेल तर क्षणात मरेल असा चाप लावावा.

आम्ही काम काढलं ते मागच्या उन्हाळ्यात, कापूस गेल्यावर. हे काम उन्हाळ्याचंच. घर रिकामं असतं, कवेलू कोरडे असतात, आणि मृगाच्या आधी ते फेरायचे, म्हणजे काढून पुन्हा नीट रचायचे असतातच. कवेलू फेरायला येणारे काका म्हातारे आहेत, पण आढ्यावर अजून पोरासारखे बसतात. मी फुटक्या कवेलूंचा हिशेब करत होते. आमच्याकडं वानरांची टोळी या घरावरून त्या घरावर उड्या मारते, तिच्यापायी दरवर्षी कवेलू फुटतात. काका म्हणाले, “बाई, वांदरायनं फुटते तिथून पानी येते. उंदीर येते वळचनीतून. वरतं नका पाहू, कडा पाहा.”

मग कडा पाहिल्या. देशी कवेलू अर्धगोल असतो. एक पालथा, दोन उताणे, अशा ओळी खाली वळचणीपर्यंत येतात आणि तिथं प्रत्येक पालथ्या कवेलूचं तोंड उघडं राहतं. घराच्या दोन्ही बाजूंनी अशी तोंडं ओळीनं उघडी होती. काहींच्या कडेला काळा, तेलकट, गुळगुळीत पट्टा पडलेला. उंदीर रोज त्याच वाटेनं जातो, अंग घासतं, आणि अंगाचं तेल तिथं बसत जातं. बोट लावलं तर चिकट लागत नाही, पण वाळलेल्या मातीच्या मध्ये ती जागा चमकते. तीच खूण मयालीवर, तीच वायर भिंतीतून आत येते त्या भोकापाशी. खूण दिसली की वाट कळली. टिनाच्या घरात हीच जागा पत्र्याच्या लाटांखाली, भिंतीच्या वर असते.

माळा रिकामा करताना तोंडाला ओला रुमाल बांधला, आणि झाडू मारायच्या आधी लेंड्यांवर फिनाईलचं पाणी शिंपडलं. कोरडी झाडली तर ती धूळ नाकात जाते. लेंड्या दोन्ही टोकांना निमुळत्या, बोटाच्या पेराहून छोट्या. पितळी गुंडीच्या मागं घरटं निघालं. बाहेरून तुराटीच्या काड्या, आत लुगड्याचा फाडलेला काठ, देवाच्या कॅलेंडरचे तुकडे, आणि मधोमध आमची रुई. ती इतकी पिंजलेली की तिच्यात सरकीचा कणही नव्हता. भोवती सरकीची टरफलं, प्रत्येकावर एकाच बाजूनं पाडलेलं भोक. ते सगळं बाहेर नेऊन जाळलं.

सगळ्यांत अवघड गेला तो कोहळ्याचा वेल. पावसाळ्यात ओसरीवर आणि तिथून कवेलूवर चढवलेला वेल म्हणजे सासूबाईंचा अभिमान. पण तो उंदरांचा जिना होता. मी तसं म्हटल्यावर त्या उसळल्या. “वेल काढून टाकशीन त पितरायले कोहळं कुठून आनशीन वं?” त्यांचं चुकीचं नव्हतं. पितृपक्षात दारचं कोहळं निघतं, ते अख्ख्या गल्लीत वाटलं जातं. शेवटी परसात, घरापासून चांगल्या अंतरावर बांबूचा मांडव घातला आणि वेल तिकडं चढवायचा ठरला. कडुनिंबाची छपरावर आलेली फांदी छाटली, उंदीर उडी मारू शकणार नाही एवढी मागं. भिंतीला टेकवून ठेवलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या उचलून गोठ्यामागं नेल्या. वर चढायच्या वाटा अशा एकेक तुटल्या.

मग बुजवणं. वळचणीच्या तोंडांना पाव इंची भोकांची लोखंडी जाळी, वाकवून, तारेनं बांधून. जाळी जाड तारेचीच हवी, डासांची प्लास्टिक जाळी उंदीर एका रात्रीत फाडतो. वायरच्या भोकात भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट. मातीच्या भिंतीतली भोकं काकांनी जुन्या पद्धतीनं भरली, मातीत काचेचा चुरा कालवून. सगळ्या वाटा एकदम बंद केल्या तर उंदीर आत कोंडून मरतात आणि वास सुटतो. म्हणून एक वाट मुद्दाम ठेवली, स्वयंपाकघरावरची, आणि तिथं पिंजरा आणि चाप ठेवले.

पिंजऱ्याचं तंत्र वेगळं आहे. बिचकणारा प्राणी, म्हणून आधी काही दिवस दार उघडं बांधून ठेवायचं, आत खाणं टाकत राहायचं, आणि त्याला बिनधास्त येऊ-जाऊ द्यायचं. मग एक दिवस दार सोडायचं. भिंतीला लागून ठेवायचा, मोकळ्या जागेत नाही. तो भिंतीच्या कडेनंच चालतो. भजी, पोळी, खोबरं यांचं आमच्या उंदरांना फारसं वाटलं नाही, घरभर सरकी होती ना! पण वैशाखातली दुपार, कवेलूखाली भट्टीसारखी धग, आणि कोरडी सरकी खाऊन पाणी कुठं मिळणार? रात्री ते माठापाशी उतरतात, हे सासूबाईंच्या लक्षात होतं. माठाला घट्ट झाकण लावलं, मोरी कोरडी ठेवली, आणि पिंजऱ्यात टरबुजाची फोड ठेवली. तिच्यावर ते आले.

पकडलेल्याचं काय करायचं, यावर घरात दोन मतं झाली. गणपतीचं वाहन आहे, शेताकडं सोडून द्या, असं सासूबाईंचं म्हणणं. पण शेताकडं सोडला म्हणजे दुसऱ्याच्या झोपडीवर चढवला. मला ते पटलं नाही आणि पुढं त्यांनाही पटलं नाही. नंतर चापच लावला. मेलेले चिमट्यानं उचलून परसात खोल पुरले.

पुढच्या हंगामात माळ्यावर बियाणं गेलं ते पत्र्याच्या कोठीत. पूर्वी ढोली असायची, शेणामातीनं लिंपलेली, तिच्यात कडुनिंबाचा पाला. ती लिंपण्यात बायांचा जीव जायचा. सोयाबीन आणि तूर आम्ही आता घरात ठेवत नाही. शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला तर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत पैसे 6 टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळतात, आणि भाव आला की विकता येतो. योजना 1990 पासूनची आहे. आमच्या गावात ती वापरणारे अजून थोडेच. कापूस मात्र घरातच येतो, यंदाही आला आहे. पण माळ्यावर चढवला नाही, आणि रात्री डोक्यावर पावलं वाजत नाहीत.

वाजतात ती शेजारच्या घरात. त्यांची आणि आमची मधली भिंत एकच, मयाली त्याच भिंतीवर टेकलेल्या, आणि त्यांच्या बाजूची वळचण अजून उघडी. भिंतीत कुठं माती ढासळली की उंदीर इकडं येणार. शेजारच्या काकूंशी बोलणं झालं आहे. जाळीचा खर्च निम्मा-निम्मा, त्यांचा वेलही आमच्याच मांडवावर. फेरणाऱ्या काकांनी अक्षय तृतीयेनंतरचा आठवडा दिला आहे. त्याआधी दोन्ही घरांतला कापूस जिनवर जायला पाहिजे, म्हणून गाडीही एकच सांगायची आहे.